तरतूद आहे, निधी नाही

गेल्या वर्षी एका महापालिकेच्या लेखा विभागात मी नवव्यांदा गेले, तेव्हा तिथल्या लिपिकाने फाइल न उघडताच सांगितले, "मॅडम, तरतूद आहे, निधी नाही." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, रेल्वे स्थानकावर गाडी उशिरा असल्याची घोषणा व्हावी तसे ते वाक्य होते. बाहेरच्या बाकावर माझ्यासारखे आणखी पाच-सहा जण बसले होते. कोणाचे पाइपलाइनचे देयक थकले होते, कोणाचे औषधफवारणीच्या यंत्रांचे, तर कोणाचे शाळेच्या बाकांचे. त्या सगळ्यांना हे वाक्य पाठ होते. अर्थसंकल्पात आमच्या कामाच्या नावापुढे रक्कम छापलेली होती, कामाचा आदेश त्या रकमेच्या आधारावरच निघाला होता, माल पोहोचला होता, पण तिजोरीत द्यायला पैसे नव्हते.

भोसरीच्या एमआयडीसीत आमचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. बाबांनी ते सुरू केले, गेली चौदा वर्षे मी ते पाहते. इथून बऱ्याच लांबच्या त्या महापालिकेला आम्ही रस्ता दुभाजकाचे रेलिंग पुरवले होते. एम.एस. (साध्या पोलादाच्या) पाइपचे कापलेले तुकडे, त्यावर फ्लॅटच्या पट्ट्या, वेल्डिंग झाल्यावर ग्राइंडिंग, मग रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर पिवळ्या-काळ्या ऑइल पेंटचे दोन हात, असे हे साधे काम. देयक अठरा लाखांचे, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख २४ हजार. एकूण २१ लाख २४ हजार रुपये. आमचा नफा या कामात आठ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार धरलेला होता.

आता यातला पैसा कोणत्या तारखेला कुठे गेला ते पाहण्यासारखे आहे. लोखंडाच्या व्यापाऱ्याने तीस दिवसांची उधारी दिली, त्यानंतर तो व्याज लावतो. जीएसटीचे विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागते, आणि मालाचे बीजक काढले की कर देय होतो. गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आम्ही घेतलेल्या अकरा लाखांच्या मालावरच्या कराची वजावट मिळाल्यावर उरलेले १ लाख २६ हजार रुपये आम्ही खिशातून सरकारजमा केले. महापालिकेने मात्र चौदा महिन्यांनी पैसे दिले. बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जावर, अकरा टक्के व्याज धरले, तर २१ लाख २४ हजारांवर चौदा महिन्यांचे साधे व्याजच २ लाख ७३ हजारांच्या घरात जाते. म्हणजे नफा तर गेलाच, वर जवळपास तेवढीच रक्कम आम्ही पदरची घातली. एखाद्या शहराला रेलिंग पुरवून त्याच शहराला बिनव्याजी कर्जही पुरवण्याचा हा धंदा आम्ही कोणत्याही करारात कबूल केलेला नव्हता.

घरी आल्यावर मी हे बाबांना सांगितले. त्यांना आता ऐकू कमी येते, पण हिशेब बरोबर कळतो. ते म्हणाले, "आमच्या वेळी महापालिका आपले पैसे नाक्यावरच वसूल करायची, आणि आमची बिलंसुद्धा सुटायची." मला आधी हसू आले, कारण जकातीला, म्हणजे शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतल्या जाणाऱ्या महापालिकेच्या कराला, त्यांच्याइतक्या शिव्या घातलेला माणूस मी पाहिलेला नाही. वर्कशॉपच्या भिंतीवर एका वाकवलेल्या तारेत जकातीच्या पावत्या ओवलेल्या असायच्या, आणि टेम्पोचा चालक परत आला की बाबा पहिला प्रश्न विचारायचे तो नाक्यावर किती वेळ गेला याचा. भोसरीतून गॅल्व्हनायझिंगसाठी, म्हणजे जस्ताचा थर चढवण्यासाठी, पुण्याच्या हद्दीत माल पाठवायचा म्हणजे दापोडीचा पूल ओलांडला की दुसरी महापालिका, आणि तोच माल परत आणताना हा नवा नाही, आमचाच आहे, हे आमच्या हद्दीच्या नाक्यावर कागद दाखवून सिद्ध करायचे. कागदात एक अंक चुकला की टेम्पो रात्रभर उभा.

जकात वाईटच होती, यात मला तिळमात्र शंका नाही. ब्रिटिश काळात १९२४-२५ साली नेमलेल्या करचौकशी समितीने तिच्यावर टीका केली, स्वातंत्र्यानंतर जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने केली, आणि तरीही ती आणखी सहा दशके टिकली. महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, पण महापालिकांनी ती सोडली नाही, कारण ती त्यांची सर्वांत मोठी आणि रोजच्या रोज हातात पडणारी कमाई होती. पिंपरी-चिंचवडला 'आशियातील सर्वांत श्रीमंत महापालिका' म्हणण्याची जी पद्धत पडली, तिच्यामागे हीच जकात होती: वाहनांचे मोठमोठे कारखाने हद्दीत, त्यांच्याकडे दिवसरात्र येणारा कच्चा माल, आणि त्या प्रत्येक ट्रकमागे महापालिकेला काहीतरी. कारखाने वाढले की शहराची तिजोरी त्याच आठवड्यात वाढत होती, आणि मंदी आली की आयुक्तांना ती वर्तमानपत्राआधी कळत होती. हा संबंध ओबडधोबड होता, भ्रष्टाचाराने पोखरलेला होता, पण सरळ होता.

पुढची गोष्ट बहुतेकांना आठवत असेल. १ एप्रिल २०१३ पासून पुणे, पिंपरी-चिंचवडसह अनेक शहरांत जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. त्याआधी २०१० पासून तो काही छोट्या महापालिकांत सुरू झाला होता. नाके गेले, पण व्यापाऱ्यांना खरेदीचा हिशेब महापालिकेला द्यावा लागणार म्हटल्यावर बंद आणि मोर्चे सुरू झाले. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना एलबीटी माफ झाला आणि तेवढी तूट राज्य सरकार अनुदानाने भरून देऊ लागले. मुंबईची जकात तेवढी उरली होती, ती १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली. दहिसर, मुलुंड, मानखुर्दचे नाके ओस पडले. अनेक शहरांत आता 'जुना जकात नाका' हे बसथांब्याचे नाव तेवढे शिल्लक आहे.

राज्याने त्याच वर्षी महापालिकांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा केला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरायचे, त्या वर्षी ज्या शहराला या करांतून आणि त्याबदल्यातल्या अनुदानातून साधारण जेवढे मिळत होते तेवढ्यावर दरवर्षी आठ टक्के चक्रवाढीने वाढ द्यायची, आणि ती रक्कम दरमहा हप्त्याने पाठवायची. मुंबईला जुलै २०१७ मध्ये पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटींचा मिळाला. मुंबई महापालिकेच्या अर्थसंकल्पात २०२४-२५ साठी या भरपाईपोटी १३,३३१ कोटी आणि २०२५-२६ साठी १४,३९८ कोटी रुपये धरलेले आहेत. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून पाहा, उत्तर १.०८ येते. त्या वर्षात मुंबईत किती दुकाने उघडली, किती कारखाने ठाणे-भिवंडीकडे सरकले, बंदरात किती माल उतरला, यातले काहीही त्या आकड्यात नाही. शहराच्या व्यापारावरचा कर गेला आणि त्याच्या जागी एक गुणाकार आला.

हा गुणाकार वाईट आहे असे मी म्हणणार नाही. टाळेबंदीच्या वर्षी व्यापार बंद पडला तेव्हा जकात असती तर महापालिका उघड्यावर पडल्या असत्या. सूत्राला मात्र महामारी माहीत नव्हती. जीएसटीमुळे बुडणाऱ्या उत्पन्नापोटी केंद्राने राज्यांना दिलेली चौदा टक्के वाढीची हमी पाच वर्षांची होती आणि ती जून २०२२ मध्ये संपली, तरी राज्याकडून महापालिकांना मिळणारा हप्ता चालू राहिला, हेही मान्य केले पाहिजे. पाकिस्तानात १९९९ मध्ये असेच झाले होते. तिथे जकात म्हणजे धार्मिक दान आणि आपण जिला जकात म्हणतो ती तिथली चुंगी. ती रद्द करून तिच्या बदल्यात विक्रीकर अडीच टक्क्यांनी वाढवला गेला आणि तो वाटा स्थानिक संस्थांकडे वळवण्याची व्यवस्था झाली. नाका काढून वरून वाटा देणे ही विकसनशील देशांतली जणू ठरलेलीच वाट आहे, आणि मालवाहतुकीच्या दृष्टीने ती योग्यही आहे.

अडचण दुसरीकडे आहे. २०१६-१७ मध्ये ज्या शहराची वसुली चांगली होती त्याचा पाया कायमचा उंच राहिला, आणि ज्याचा कारभार त्या काळात ढिसाळ होता त्याचा पाया कायमचा बुटका. त्यानंतर एखाद्या शहराने उद्योगांसाठी चांगले रस्ते केले, नवा कारखाना आणला, तर त्याला भरपाईत एक रुपयाही जास्त मिळत नाही. आणि दुसऱ्याने काहीच केले नाही तरी त्याचे आठ टक्के सुटत नाहीत. भोसरीतल्या एखाद्या लघुउद्योजकाने ड्रेनेज तुंबल्याची तक्रार केली, तर पूर्वी तो निदान जकात भरणारा माणूस होता. आता त्याचा जीएसटी दिल्ली आणि मुंबईला जातो, आणि महापालिकेच्या दृष्टीने तो फक्त एक मिळकत क्रमांक उरतो.

मिळकतकर हा तेवढा एक मोठा कर शहरांच्या स्वतःच्या हातात राहिला आहे, आणि त्याची स्थिती आपण सगळ्यांनी मिळून केली आहे ती पाहावी. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून तो माफ झाला. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला चाळीस टक्क्यांची जुनी सवलत होती; ती मध्यंतरी काढली गेली, लोकांना फरकाची बिले गेली, आरडाओरडा झाला आणि २०२३ मध्ये ती परत आली. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवर मिळकतकराच्या दुपटीने शास्तीकर, म्हणजे दंडाचा कर, लागत होता. तो कोणी भरत नव्हते, आणि त्याच्या ओझ्याखाली मूळ करही थकत होता. निवडणुकीच्या प्रत्येक सभेत तो माफ करण्याचे आश्वासन मिळत होते आणि २०२३ मध्ये तो माफही झाला. ज्यांनी तो आधी निमूटपणे भरला होता त्यांच्या चेहऱ्याकडे त्या दिवशी पाहवत नव्हते. (आमच्या गल्लीत असे दोघे आहेत, त्यांचा विषय काढू नये.) त्याच वर्षी या शहरात महिला बचत गटांकडून घरोघरी बिले पोहोचवण्याचा उपक्रम झाला, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटला, कारण बिल हातात पडणे आणि देणाऱ्या बाईने त्यावर सही घेणे इतक्या साध्या गोष्टीनेही वसुलीत फरक पडतो, हे कोणत्याही किराणा दुकानदाराला माहीत असते.

तरी मूळ प्रश्न राहतोच: दरमहा हप्ता येत असताना त्या महापालिकेत निधी का नव्हता? बाकावर बसलेल्या मंडळींकडून आणि पुढे एका सेवानिवृत्त लेखाधिकाऱ्यांकडून मी हे हळूहळू समजून घेतले. हप्ता आला की आधी पगार, मग निवृत्तिवेतन, मग पाणी उपसण्याच्या पंपांचे वीजबिल. पगार थांबले तर संप होतो, वीजबिल थांबले तर पुरवठा तुटतो. त्यानंतर शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठीच्या केंद्राच्या अमृतसारख्या योजनांत महापालिकेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो, तो न भरला तर वरचे अनुदान अडते. हे सगळे झाल्यावर जे उरेल त्यातून ठेकेदार आणि पुरवठादार. त्यांच्यातही मोठा ठेकेदार काम बंद पाडू शकतो, माझे रेलिंग मात्र रस्त्यावर बसलेले असते, ते मी उपटून नेऊ शकत नाही. रांगेत शेवटी कोण उभे राहणार हे अशा रीतीने आपोआप ठरते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आमचे काम ज्या तरतुदीवर मंजूर झाले ती तरतूदच कागदी होती. आयुक्त अर्थसंकल्पाचा मसुदा मांडतात, स्थायी समिती त्यात काही कोटींची कामे वाढवते, सर्वसाधारण सभा आणखी काही कोटींची. खर्च वाढला की उत्पन्नाची बाजूही तेवढीच फुगवावी लागते, आणि ती कुठे फुगवायची हे ठरलेले असते: मिळकतकराच्या थकबाकीची वसुली आणि बांधकाम परवानग्यांचे विकास शुल्क. ती थकबाकी वसूल होणार नाही हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत असते, तरी त्या आकड्याच्या आधारावर निविदा निघतात. मला वाटायचे की हा नगरसेवकांचा खेळ आहे. पण २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर कित्येक वर्षे प्रशासक होते, सभागृहच नव्हते, आणि माझे देयक त्याच काळातले आहे. आकडे फुगवण्याची सवय खुर्ची बदलल्याने जात नाही.

त्या लेखाधिकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. महापालिकांनी दुहेरी नोंद पद्धतीने, उपार्जित तत्त्वावर हिशेब ठेवावेत म्हणून राष्ट्रीय नियमपुस्तिका २००४ मध्येच तयार झाली. त्या पद्धतीत माल ताब्यात आला त्या दिवशी माझे २१ लाख देणे म्हणून वहीत चढायला हवेत. प्रत्यक्षात रोज पाहिली जाते ती रोकडवही, आणि तिच्यात न दिलेले देयक दिसतच नाही. "जे दिसत नाही त्याची झोप कोणाची उडणार?" असे ते म्हणाले, आणि मला पटले. वर्षअखेरीस 'दायित्व' म्हणून एक मोठा आकडा अचानक निघतो, त्यावर दोन दिवस बातम्या येतात, आणि पुढच्या वर्षीच्या तरतुदीतला मोठा भाग जुनी देणी फेडण्यातच जातो, म्हणून पुढच्या वर्षीची देयके पुन्हा थकतात.

कायदा माझ्या बाजूने आहे, हे मी वाचून घेतले होते. सूक्ष्म व लघुउद्योगांबाबतच्या २००६ च्या कायद्यानुसार पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते, आणि त्यासाठी अशा थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. अलीकडे प्राप्तिकर कायद्यात आणखी एक कलम आले, की लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळणार नाही. या कलमाने खासगी कंपन्यांच्या खरेदी विभागात खरोखर धावपळ उडाली. आमची दोन जुनी येणी त्या मार्चमध्ये न मागता आली. महापालिकेला मात्र त्याची भीती नाही, कारण तिचे उत्पन्न मुळात करमुक्त आहे. ज्या खरेदीदाराला वजावटच नको, त्याला वजावट जाण्याचा धाक काय असणार? सुविधा परिषदेकडे मी गेले नाही. बाकावरच्या कोणीच गेलेले नव्हते. दावा केलेल्याच्या पुढच्या निविदेत कागदपत्रांची कोणती त्रुटी निघेल, हे सांगता येत नाही, एवढेच कारण.

पैसे शेवटी आले ते ३१ मार्चच्या आदल्या संध्याकाळी, मोबाइलवरच्या संदेशाने. पाच टक्के सुरक्षा अनामत म्हणून ९० हजार राखून ठेवले होते आणि जीएसटीची दोन टक्के मुळातून कपात, म्हणजे ३६ हजार, वजा होती. ही कपात आमच्या खात्यात जमा दिसण्यासाठी महापालिकेला स्वतःचे विवरणपत्र भरावे लागते. ते भरलेले नव्हते, त्यामुळे ते ३६ हजार अजून अधांतरी आहेत. विशेष म्हणजे जो जीएसटी मी चौदा महिन्यांपूर्वी भरला, त्यातला राज्याचा वाटा ज्या तिजोरीत जातो, तीच तिजोरी दरमहा त्या महापालिकेला हप्ता पाठवते. म्हणजे माझा कर राज्यामार्गे तिथे पोहोचला असणार, तिथल्या पगारात गेला असणार, आणि माझ्यापर्यंत येताना वाटेत राहिला.

दोन महिन्यांपूर्वी त्याच महापालिकेची रेलिंगची नवी निविदा निघाली. मी भरणार नाही असे घरी जाहीर केले होते, पण वर्कशॉपमध्ये सात माणसे आहेत आणि कामाचा ओघ मंद आहे, म्हणून भरली. या वेळी दराच्या रकान्यात लोखंड, मजुरी, रंग, वाहतूक यांच्या बेरजेवर नेहमीचा नफा धरला आणि त्यावर चौदा महिन्यांच्या व्याजापोटी आणखी बारा टक्के चढवले. इतका दर पाहून आपण पहिल्याच फेरीत बाहेर पडू, असे मी बाबांना म्हणाले. निविदा उघडल्या तेव्हा एकूण चार जणांचे दर होते, आणि त्यांत आमचाच सर्वांत कमी निघाला.